वळचणीपासून आढ्यापर्यंत: ग्रीक-रोमन मंदिरांची छप्परभूषणे

कौलारू छपराला पाणी तीन ठिकाणी गाठते: वळचणीला, आढ्यावर आणि दर्शनी बाजूच्या तिरप्या कडांना. ग्रीक, एट्रस्कन आणि रोमन मंदिरांचे छप्परालंकार बसलेले आहेत तेही याच जागांवर. वळचणीला कौलांच्या प्रत्येक ओळीचे उघडे तोंड झाकणारा उभा मुखवटा किंवा पान म्हणजे अँटिफिक्स. छपराच्या कडेने जाणारी उंच काठाची पन्हळ म्हणजे सिमा, आणि तिच्यातले पाणी बाहेर फेकायला सिंहमुखे. छपराच्या दोन पाख्यांमुळे दर्शनी बाजूला जो त्रिकोण तयार होतो, ती त्रिकोणिका. तिच्या शेंड्यावर आणि खालच्या दोन टोकांवर उभे असते ते अक्रोटेरिऑन, अनेकवचनी अक्रोटेरिया. ग्रीक भाषेत या शब्दाच्या मुळाशी ‘टोक’, ‘सर्वांत वरची जागा’ हा अर्थ आहे. पाठ्यपुस्तकांत हे सगळे ‘सजावट’ या एकाच मथळ्याखाली येते. पण यांतल्या बहुतेक वस्तू आधी गळती अडवायला आल्या आणि शोभा त्यांच्यावर नंतर चढली. पुढे गळतीचा प्रश्न दुसऱ्या मार्गाने सुटला, तरी अलंकाराने आपली जागा सोडली नाही.

सुरुवात भाजलेल्या कौलापासून होते. इ. स. पू. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉरिंथमध्ये आणि जवळच्या इस्थमिया येथे मंदिरांवर भाजक्या मातीची कौले चढली. त्याआधीची ग्रीक मंदिरे बहुतांशी गवताने किंवा मातीने शाकारलेली असत. इस्थमियाचे एकेक कौल सुमारे ३० किलो वजनाचे होते. असे छप्पर पेलायला भिंती जाड कराव्या लागल्या, खांब दगडी करावे लागले. दगडी मंदिराच्या जन्माचे श्रेय काही अभ्यासक या वजनदार कौलांना देतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य दिसते. पुढे कौलांच्या तीन पद्धती रूढ झाल्या. लॅकोनियन पद्धतीत खालचे कौल उथळ खोलगट आणि वरचे अर्धगोल असे. कोकणातली जुनी नळीची कौले पाहिलेल्या माणसाला ही रचना ओळखीची वाटेल. कॉरिंथियन पद्धतीत खालचे कौल सपाट, कडा उचललेल्या, आणि सांध्यावरचे झाकणकौल कोनदार. सिसिलियन पद्धतीने सपाट तळाचे कौल घेतले आणि त्यावर अर्धगोल झाकण ठेवले. छपराचा उतार साधारण १३ ते १५ अंशांचा, म्हणजे बेताचाच. त्यामुळे मधली कौले आपल्या वजनानेच जागेवर राहत, खिळे मारावे लागत ते मुख्यतः कडेच्या कौलांना.

झाकणकौलांची ओळ वळचणीला येऊन संपली की तिचे शेवटचे तोंड पोकळ राही. त्यातून वाऱ्याबरोबर पाऊस आत शिरे, पाखरे घरटी करत. हे भोक बुजवणारी उभी पट्टी म्हणजे अँटिफिक्स. रोमन लेखक प्लिनी ज्येष्ठ याने तिचे श्रेय ब्यूटाडीस या कुंभाराला दिले आहे. हा मूळचा सिक्योनचा, काम करी कॉरिंथमध्ये. कौलांच्या टोकांवर मातीचे मुखवटे त्यानेच प्रथम बसवले, असे प्लिनी सांगतो. परदेशी निघालेल्या प्रियकराच्या सावलीची रेघ भिंतीवर काढणारी मुलगी याच ब्यूटाडीसची. बापाने त्या रेघेत माती भरली आणि तिथून मातीचे मुखशिल्प जन्मले, अशी ती कथा. ती खरी मानायचे कारण नाही, मात्र तिचे गाव अचूक आहे. कॉरिंथच्या प्रभावाखालच्या पश्चिम ग्रीसमध्ये, थर्मोन येथील अपोलोच्या मंदिरावर, सातव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानवी मुखवट्यांचे अँटिफिक्स सापडले आहेत.

अँटिफिक्स साच्यातून काढत, कारण एका मंदिराला ते डझनांनी लागत. ओली माती साच्यात दाबायची, थोडी सुकली की सोडवायची, मागे झाकणकौलाचे नळकांडे जोडायचे, पुढच्या बाजूला तांबडा, काळा आणि पिवळट पांढरा रंग द्यायचा, मग भट्टी. वाळताना आणि भाजताना माती साधारण दहाव्या हिश्शाने आकसते. मूळ साचा फुटला आणि जुन्याच अँटिफिक्सवरून नवा साचा घेतला, तर पुढचा माल आधीच्याहून लहान निघतो. त्याच चेहऱ्याचे नाक, हनुवटी, कपाळ मोजून कोणता तुकडा कोणत्या पिढीच्या साच्यातला हे पुरातत्त्वज्ञ सांगू शकतात. कारागिराच्या या काटकसरीचा हिशेब आज अभ्यासाच्या कामी येतो.

मुखवट्यांत सर्वांत जास्त वावर गॉर्गनचा. डोळे वटारलेले, जीभ बाहेर, केसांत साप. अशुभाला दारातच अडवायचे हे तिचे काम, म्हणजे आपल्याकडच्या कीर्तिमुखाचेच. दोन्हींचा वंश एक असल्याचा दावा मात्र या साम्यावरून करता येत नाही. पाचव्या शतकात मुख्य भूमीवरच्या ग्रीकांनी चेहऱ्यांऐवजी पंख्यासारखे उलगडलेले पामचे पान पसंत केले, तेच पुढे रूढ झाले. इटलीने चेहरे सोडले नाहीत.

पन्हळीची गोष्ट वेगळी. मातीची सिमा ही खरे तर कडेच्या कौलाचीच वर वळवलेली किनार. दर्शनी तिरप्या कडांवर ती असे, म्हणजे पाणी प्रवेशद्वारापुढे न सांडता बाजूंना जाई. लांबीच्या बाजूंनाही ती आणली की पाण्याला वाट द्यावी लागे, आणि ही वाट सिंहाच्या जबड्यातून निघाली. ऑलिंपियाच्या झ्यूस मंदिराच्या दोन्ही बाजूंना शंभराहून अधिक संगमरवरी सिंहमुखे होती. पावसाने आणि भूकंपाने ती निखळत, मग नवी बसवत. हा उद्योग रोमन काळापर्यंत चालला. पाचव्या शतकातल्या सिंहाची आयाळ ज्वाळांसारखी ताठ, नंतरच्यांची सैल आणि आळशी. एकाच मंदिराच्या वळचणीवर काही शतकांचा शिल्पेतिहास असा ओळीने मांडलेला आहे. सिसिलीतल्या हिमेरा येथील सिंहमुखे आज पालेर्मोच्या संग्रहालयात आहेत. वाघ-सिंह न पाहिलेल्या कारागिराने कुत्र्यावरून सिंह केला, अशी थट्टा ग्रीक सिंहांबद्दल नेहमी होते. हिमेराच्या सिंहांना ती लागू पडत नाही.

पार्थेनॉनवर (इ. स. पू. ४४७–४३२) लांबीच्या बाजूंना पन्हळच नाही. पाणी कौलांवरून सरळ पागोळ्यांनी खाली पडे आणि वळचणीला फक्त पामपत्रांचे अँटिफिक्स होते. तरीही चारही कोपऱ्यांवर एकेक सिंहमुख आहे. त्याच्या जबड्याला आरपार भोक नाही, त्यातून पाणी कधी वाहिलेच नाही. पन्हळ गेली, पण पन्हळीचा सिंह राहिला. गरज संपल्यावरही अलंकार जागा धरून कसा बसतो याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

अक्रोटेरिऑनचा उगम आढ्याच्या टोकाशी आहे. लॅकोनियन छपरात आढ्यावर मोठी अर्धगोल कौले ओळीने येत आणि दर्शनी भिंतीपाशी त्यांचे भले मोठे तोंड उघडे राही. ते झाकायला चकती आली. ऑलिंपियातल्या हेराच्या मंदिरावरची (इ. स. पू. ६०० च्या सुमाराची) मातीची चकती सुमारे २.३ मीटर व्यासाची आहे. तुकड्यांतून जुळवलेली ही चकती ऑलिंपियाच्या संग्रहालयात उभी आहे. तिच्यावर एकात एक वर्तुळांचे पट्टे आहेत: दातेरी नक्षी, माळा, पट्ट्यांचा गोफ, तांबड्या-काळ्या-पिवळट रंगांत. देव नाही, प्राणी नाही, कथाही नाही. माणसापेक्षा मोठी ही रंगीत चकती दुरून दिसणाऱ्या खुणेचे काम करत असणार. एवढे जड बिंब भट्टीत न तडकता भाजणे हीच कसोटी होती. ज्या कारागिराने ते साधले त्याचे नाव उरले नाही.

सहाव्या शतकात चकतीच्या जागी स्फिंक्स, ग्रिफिन, धावती गॉर्गन, घोडेस्वार आले. आधी मातीचे, मग दगडाचे. याच सुमारास संगमरवरी कौलेही निघाली. पॉसानियस या प्रवासी लेखकाच्या मते दगडाचे कौल घडवणारा पहिला माणूस नाक्सोस बेटावरचा ब्यूझीस. नाक्सोस संगमरवराचेच बेट, तेव्हा ही माहिती पटण्यासारखी आहे. मातीचे काम मात्र लगेच संपले नाही. ऑलिंपियातच सिसिलीच्या गेला शहराने बांधलेल्या कोषागारावर दगडी कंगोऱ्याला बाहेरून रंगीत मातीच्या पेट्या चढवून खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. लाकडी कंगोरा पावसापासून वाचवायची ही जुनी युक्ती. दगडाला तिची गरज नव्हती. पण सिसिलीच्या लोकांना छप्पर रंगीतच हवे असावे.

एजायनाच्या अफाया मंदिरावर (इ. स. पू. ५०० नंतरची काही दशके) शेंड्यावर पानाफुलांची उंच वेल आणि तिच्या दोन्ही अंगांना उभ्या दोन तरुणी होत्या. तिथल्या शिल्पांचा मोठा भाग आता म्युनिकमध्ये आहे. पार्थेनॉनच्या शेंड्यावर मात्र मूर्ती नव्हती. तिथे अकँथसच्या पानांची जाळीदार संगमरवरी वेल होती, माणसाच्या दुपटीच्या आसपास उंच. जाळी का, याचे उत्तर वाऱ्यात आहे. उंचावर एकसंध दगडी पाटी उभी केली तर तिच्यावर वाऱ्याचा जोर येतो, जाळीतून वारा निघून जातो. खालच्या कोपऱ्यांवरच्या आसनांचा उपयोग आणखी वेगळा होता. तिरप्या कडेवरची सिमा उतारावरून घसरू पाहते. तिच्या पायथ्याशी आसनाचा जड ठोकळा आणि वर पुतळा असला की तिला टेका मिळतो.

पाचव्या शतकाच्या मध्यापासून छपरावर पंखवाल्या आकृत्यांचे राज्य सुरू झाले, विशेषतः नायकी या विजयदेवतेचे. ऑलिंपियाच्या झ्यूस मंदिरावर पॉसानियसने पाहिले ते असे: शेंड्यावर सोन्याचा मुलामा दिलेली नायकी, दोन्ही टोकांवर मुलाम्याच्याच हंड्या, आणि नायकीच्या पायाशी गॉर्गन कोरलेली सोनेरी ढाल. ढाल स्पार्टाने इ. स. पू. ४५७ च्या टनाग्राच्या लढाईतल्या विजयाची भेट म्हणून दिलेली होती. तिच्यावरच्या लेखाचे संगमरवरातले तुकडे उत्खननात सापडले आहेत. अथेन्सच्या पाडावाची ही जाहिरात सर्व ग्रीकांच्या मंदिरावर, सर्वांत उंच जागी लागली. छपराचे टोक म्हणजे काय किमतीची जागा होती हे त्यातून कळते.

तिथल्याच मैदानात पायोनिओस या शिल्पकाराची संगमरवरी नायकी उंच स्तंभावर उभी होती. इ. स. पू. ४२५ च्या आसपासची. तिच्या पायथ्याच्या लेखात शिल्पकाराने आपली एक बढाई कोरून ठेवली आहे: मंदिराची अक्रोटेरिया करण्याची स्पर्धाही त्यानेच जिंकली होती. म्हणजे छपरावरच्या मूर्तींसाठी स्पर्धा होत आणि ती जिंकणे मिरवण्याजोगे होते.

पैशांचा हिशेब एपिडॉरसच्या शिलालेखात मिळतो. अस्क्लेपिओस या आरोग्यदेवाचे मंदिर तिथे इ. स. पू. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात बांधले गेले, आणि त्याचा जमाखर्च दगडावर कोरलेला आहे. एका बाजूच्या अक्रोटेरियासाठी टिमोथिओसला २,२४० द्राख्मे मिळाले, दुसऱ्या बाजूच्यांसाठी थिओटिमोसला तेवढेच. मंदिराचा वास्तुविशारद थिओडोटोस याचा वर्षाचा मेहनताना होता ३५३ द्राख्मे. एका बाजूच्या तीन छप्परमूर्तींचा खर्च असा त्याच्या सहा वर्षांच्या कमाईहून जास्त भरला. त्यांतल्या काही आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. घोड्यावर एका अंगाला पाय सोडून बसलेल्या स्त्रिया, वाऱ्याने वस्त्र अंगाला चिकटलेले, नुकत्याच पाण्यातून किंवा हवेतून वर आल्यासारख्या. त्या सागरकन्या की वाऱ्याच्या झुळका, यावर मतभेद आहेत. घोडा छातीपर्यंतच कोरलेला आहे, बाकीचा पाण्याच्या पृष्ठभागाखाली मानायचा. जागा वाचली, वजनही वाचले.

सर्वांत धाडसी काम डीलोस बेटावरच्या अथेन्सवासीयांच्या मंदिरावर (इ. स. पू. ४२० च्या सुमारास) झाले. एका शेंड्यावर उत्तरवारा बोरिआस ओरिथायियाला उचलून नेतो आहे, दुसऱ्यावर उषादेवी ईऑस केफालोसला. उचलून नेण्याच्या कथाच या जागेला का साजतात हे उघड आहे. आकाशाची पार्श्वभूमी असलेली दुसरी जागा मंदिराला नाही. अथेन्सच्या चौकातल्या राजस्तोआ या खांबांच्या ओसरीच्या छपरावरही पॉसानियसने मातीच्या अशाच मूर्ती पाहिल्या होत्या. स्किरोनला समुद्रात फेकणारा थीसिअस आणि केफालोसला पळवणारी उषा. ऑलिंपियात सापडलेला झ्यूस आणि गॅनिमीड यांचा रंगीत मातीचा गट बहुधा अशाच कुठल्या छपरावरचा. झ्यूसच्या काखेतल्या पोराने हातातला कोंबडा सोडलेला नाही.

उंचावरच्या या देवांना खरा उपद्रव पाखरांचा. ॲरिस्टोफेनिसच्या ‘पक्षी’ या इ. स. पू. ४१४ मध्ये रंगमंचावर आलेल्या प्रहसनात पक्ष्यांचा वृंद परीक्षकांना आमिष आणि दम एकाच दमात देतो. आपल्याला कौल दिला तर परीक्षकांच्या घरांवर गरुड बसवू, म्हणजे ती मंदिरे दिसतील. न दिला तर पुतळ्यांसारखी धातूची चंद्रकोर डोक्यावर घालून हिंडावे लागेल. पहिला विनोद शब्दावरचा आहे. ग्रीक भाषेत त्रिकोणिकेला ‘गरुड’च म्हणत. कॉरिंथने देवळांवर पक्षिराजाची जोडी चढवली, असा गौरव पिंडर कवीने केला आहे तो याच अर्थाने. दुसरा विनोद विष्ठेचा, आणि तो वस्तुस्थितीला धरून आहे. अनेक ग्रीक मूर्तींच्या डोक्यांत धातूचा खिळा बसवल्याच्या खुणा आहेत. पक्षी बसू नयेत म्हणून ही तजवीज, असे सर्वसाधारण मत आहे.

इटलीत एट्रस्कनांनी हाच वारसा घेऊन त्याचा तोल बदलला. त्यांची मंदिरे लाकडाची आणि कच्च्या विटांची, त्यामुळे छपराची प्रत्येक उघडी कड मातीच्या पट्ट्यांनी मढवलेली. पट्ट्यांवर खिळ्यांची भोके आजही दिसतात. सिएना प्रांतातल्या मुर्लोजवळ पोज्जो चिव्हिताते येथे १९६६ पासून उत्खनन झाले. तिथल्या सहाव्या शतकातल्या वाड्याच्या आढ्यावर बसलेल्या मूर्ती होत्या. रुंद कडेची उंच टोपी, चौकोनी दाढी, हात मांडीवर. ते पूर्वज, देव की घरमालक, हे ठरलेले नाही. त्या टोप्यांमुळे त्यांना ‘काउबॉय’ हे नाव पडले आहे.

व्हेई शहराच्या पोर्तोनाच्यो मंदिरावर (इ. स. पू. ५१० च्या सुमारास) हा प्रकार टोकाला गेला. ग्रीक मूर्ती दर्शनी टोकांवर थांबत. इथे देव आढ्यावरच ओळीने चालत होते, जमिनीपासून सुमारे १२ मीटर उंचीवर. १९१६ मध्ये सापडलेला व्हेईचा अपोलो रोममधल्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. भाजक्या मातीची, आतून पोकळ, पूर्ण माणसाच्या उंचीची मूर्ती. अपोलो हेराक्लिसकडून पवित्र हरिणी परत घ्यायला निघाला आहे. एक पाय पुढे, शरीर झुकलेले, ओठांवर त्या काळच्या मूर्तींचे ठरीव हसू. दोन पायांमध्ये वेलबुट्टीचा आधार आहे. तो नसता तर मातीचे हे दोन पाय धडाचे वजन पेलू शकले नसते. संग्रहालयात समोरून पाहताना मूर्ती थोडी बेढब वाटते. ती पाहायची खालून आणि बाजूने.

रोमने व्हेईकडूनच हे शिकले. कॅपिटोलच्या ज्युपिटर मंदिराच्या शेंड्यासाठी चार घोड्यांचा मातीचा रथ व्हेईच्या कारागिरांकडे सांगितला होता. प्लुटार्कने सांगितलेली दंतकथा अशी की भट्टीत रथ आकसण्याऐवजी फुगत गेला, शेवटी भट्टीचे छत काढून तो बाहेर घ्यावा लागला. हा राज्यलाभाचा शकुन समजून व्हेईने तो द्यायचे नाकारले. मग शर्यतीतल्या एका चौकडीचे घोडे उधळले आणि सारथ्यासह थेट रोममध्ये कॅपिटोलपाशी येऊन थांबले, तेव्हा घाबरून रथ दिला गेला. माती भाजताना आकसते हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते, म्हणून चमत्कार फुगण्याचा. इ. स. पू. २९६ मध्ये ओगुल्नियस बंधूंनी व्याजखोरांकडून वसूल केलेल्या दंडातून त्या छपरावर रथारूढ ज्युपिटर नव्याने बसवला.

पुढच्या शतकात ग्रीक संगमरवर रोममध्ये येऊ लागले आणि मातीचे देव गावंढळ ठरले. लिव्हीने केटोच्या तोंडी घातलेल्या इ. स. पू. १९५ च्या भाषणात तक्रार आहे ती हीच: लोक कॉरिंथ-अथेन्सच्या वस्तूंची वाखाणणी करतात आणि रोमन देवांच्या मातीच्या अँटिफिक्सना हसतात. इ. स. पू. १७३ मध्ये फुल्व्हियस फ्लॅकस या सेन्सॉरने कमालच केली. रोममधल्या आपल्या नव्या मंदिरासाठी त्याने दक्षिण इटलीतल्या क्रोटोनजवळच्या हेरा लाकिनियाच्या देवळाची निम्मी संगमरवरी कौले उतरवून आणली. सिनेटने संतापून ती परत पाठवली. पण ती पुन्हा जागेवर कशी बसवायची हे जाणणारा कारागीर मिळेना, म्हणून कौले देवळाच्या आवारातच पडून राहिली.

छपराचा त्रिकोण देवाचा, ही समजूत रोममध्ये घट्ट होती. म्हणूनच ज्युलियस सीझरला आपल्या घरावर त्रिकोणिका उभारण्याचा मान मिळाला तो डोळ्यांत भरला. इ. स. पू. ४४ मध्ये त्याच्या खुनाच्या आदल्या रात्री पत्नी कॅल्पर्नियाने ती कोसळल्याचे स्वप्न पाहिले, असे सांगितले जाई. प्लुटार्क ही कथा देताना त्या मानचिन्हाला अक्रोटेरिऑनच म्हणतो.

त्याच शतकाच्या अखेरीस व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने नियम लिहून ठेवले. कोपऱ्यांवरची अक्रोटेरिया त्रिकोणिकेच्या मध्यउंचीइतकी, मधले त्याहून एक-अष्टमांश उंच. खांबांच्या वरचे सगळे भाग आपल्या उंचीच्या बाराव्या हिश्शाने पुढे झुकलेले, म्हणजे खालून पाहणाऱ्याला ते मागे पडल्यासारखे दिसणार नाहीत. सिंहमुखांबद्दलचा त्याचा नियम सर्वांत व्यवहारी आहे: खांबाच्या बरोबर वर येणारीच भोकाची ठेवावीत, मधली भरीव. नाहीतर खांबांमधून आत येणाऱ्यांच्या डोक्यावर धार पडते. पार्थेनॉनचा मुका सिंह इथे शास्त्रात बसला.

साम्राज्यकाळातली छपरे बरीचशी नाण्यांवरूनच माहीत आहेत. टायबेरियसने इ. स. १० मध्ये पुन्हा अर्पण केलेल्या कॉन्कॉर्डिया मंदिराचे छप्पर त्याच्या पितळी नाण्यांवर मूर्तींनी गजबजलेले दिसते, टोकांना विजयदेवता. दूरच्या प्रांतांत अँटिफिक्स लष्करी झाला. वेल्समधील होल्ट येथे विसाव्या लीजनच्या कौलभट्टीत काढलेल्या अँटिफिक्सवर देव नाही, लीजनचे चिन्ह असलेले रानडुक्कर आहे, वर तुकडीचा क्रमांक.

सोळाव्या शतकात पॅलाडिओने विचेंझाजवळच्या व्हिला रोटोंडाच्या चारही त्रिकोणिकांवर मूर्ती योजल्या, तेव्हा देवाचा मान घरमालकाच्या हवेलीला मिळाला. सीझरच्या बाबतीत जे अति वाटले होते ते इथे शोभेचे ठरले. बर्लिनमध्ये शिंकेलच्या आल्टेस म्युझियमच्या (१८३०) छपरावर घोडे आवरणारे वीर आले. पण या सगळ्यांनी पांढरे छप्पर कल्पिले होते. १८३० च्या सुमारास हिटॉर्फ या वास्तुविशारदाने ग्रीक मंदिरे रंगीत होती असे मांडले, तेव्हा पॅरिसमध्ये वाद पेटला. ऑलिंपियाचे जर्मन उत्खनन १८७५ मध्ये सुरू झाले, तिथून रंगीत मातीचे तुकडे ढिगांनी निघाले, आणि १८८१ मध्ये डॉर्पफेल्ड व सहकाऱ्यांनी त्यांची जुळणी प्रसिद्ध केली. त्यानंतर वाद रंग होता की नाही यावर उरला नाही, किती होता यावर उरला.

तो धडा घेऊन बांधलेली थोडी छपरे आहेत. फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयाची इमारत १९२८ मध्ये उघडली. तिच्या एका त्रिकोणिकेत पॉल जेनवाइनच्या झिलईदार रंगीत मातीच्या मूर्ती आहेत आणि छपराच्या कोपऱ्यांवर ब्राँझचे ग्रिफिन. चोच, पंख आणि सिंहाचे धड असलेला तो प्राणी पुढे संग्रहालयाचे बोधचिन्ह म्हणून छपरावरून खाली, पत्रकांवर आणि तिकिटांवर उतरला.